हत्ती कोरायचा तर आधी लाकडाची रेष बघा

लाकडातून प्राणी कोरायला बसलेला नवखा माणूस बहुतेक वेळा आधी चित्र शोधतो, मग लाकूड आणतो आणि सगळ्यात शेवटी चाकू. सोंड मोडते, कान उडतो, पाय तुटतो, आणि दोष हाताला दिला जातो. खरं तर ती मोडतोड चाकू उचलण्याच्या कितीतरी आधी, ठोकळा कापताना ठरलेली असते. लाकडाचे तंतू खोडाच्या उभ्या दिशेने धावतात. या दिशेला इथे आपण रेष म्हणू. रेषेच्या दिशेने लाकूड मजबूत असतं, रेषेला आडवं ते बिस्किटासारखं तुटतं. प्राण्याचा जो अवयव सगळ्यात बारीक, त्याच्या लांबीच्या दिशेने रेष धावली पाहिजे. या लेखातला निम्मा भाग याच एका वाक्यातून निघतो.

खाली एक छोटा उभा हत्ती कोरायची पूर्ण पद्धत आहे: ९० मिमी उंच, ११० मिमी लांब, ६० मिमी रुंद. हत्तीच का? कारण त्याचे चारही पाय उभे, लोंबती सोंड उभी, शेपटी उभी. रेष उभी ठेवली की सगळे नाजूक अवयव एकाच वेळी मजबूत होतात. धड आडवं असलं तरी ते इतकं जाड असतं की तिथे रेष कशीही चालते.

इतर प्राण्यांचं काय

घुबड, पेंग्विन, बसलेलं अस्वल, बसलेली मांजर यांना रेष उभी. मासा, देवमासा, मगर, झोपलेलं कुत्रं यांना आडवी, डोक्याकडून शेपटीकडे. पक्ष्याला चोचीच्या दिशेने रेष द्या, नाहीतर चोच टिकणार नाही. त्याचे पाय मात्र लाकडात कोरूच नका, तारेचे करा. घोडा दिसतो सोपा, पण पाय उभे, मान तिरकी आणि शेपटी मागे, म्हणजे तीन अवयव तीन दिशांना. स्वीडनच्या डालार्ना प्रांतातला लाल रंगवलेला लाकडी घोडा (१९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात त्याची भली मोठी प्रतिकृती उभी होती आणि तिथून तो जगभर पोचला) नीट बघा: पाय आखूड आणि जाड, मान जाड, कान म्हणजे दोन टोकं, आणि बाहेर लोंबणारी शेपटी नाही. बाहेर काही आलंच नाही, तर मोडणार काय?

हरणाची शिंगं, हत्तीचे सुळे, सशाचे लांब कान वेगळे कोरून बसवणं ही फसवणूक नव्हे. आंध्र प्रदेशातल्या कोंडापल्लीच्या खेळण्यांमध्ये अवयव वेगळे कोरून चिंचोक्याची पूड आणि लाकडाचा भुसा यांच्या लगद्याने जोडतात. प्रत्येक तुकड्याला त्याची स्वतःची रेष मिळते.

लाकूड

पहिल्या हत्तीसाठी मऊ, बारीक पोताचं, एकसारखं लाकूड हवं. जगभर नवशिक्यांना बासवुड किंवा लिंडन सुचवतात ते याच कारणाने. शिवण आणि कदंबही चाकूला चांगले जातात. पांगारा फार हलका आणि मऊ. आकार पटकन निघतो, पण बारीक रेघ धरून राहत नाही. साग दिसायला देखणा, पण त्यात सिलिका असते आणि ती धार खाते. शिवाय त्याच्या अंगच्या तेलामुळे गोंद नीट धरत नाही. शिसव चाकूचं नाही, पटाशी आणि मोगरीचं लाकूड आहे. दोन्ही पुढच्यासाठी ठेवा.

दुकानात झटपट परीक्षा अशी: अंगठ्याचं नख लाकडावर जोरात दाबा. खूण उमटली तर चाकूने कोरता येईल. गाठ असलेला तुकडा घेऊ नका, कारण गाठीभोवती रेष वळते आणि दर सेंटिमीटरला कापायची दिशा बदलावी लागते. ज्या तुकड्यात खोडाचा अगदी मधला ठिपका दिसतो तोही टाळा. लाकूड वाळताना वर्तुळांच्या दिशेने जेवढं आकसतं ते केंद्राकडून बाहेरच्या दिशेने आकसण्याच्या साधारण दुप्पट असतं. या ओढाताणीत मधला ठिपका असलेला तुकडा फाटतोच. आज नाही तर कपाटावर ठेवल्यानंतर.

लाकूड वाळलेलं हवं. उघड्या हवेत वाळवायचं तर २५ मिमी जाडीला साधारण एक वर्ष, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे आपला ६० मिमीचा ठोकळा दोन वर्षांहून जास्त काळ मागेल. वाळलाय की नाही हे ओळखायला स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. ठोकळा तोला, तारीख आणि वजन त्याच्यावरच पेन्सिलीने लिहा, दर तीन दिवसांनी परत तोला. पंधरा दिवसांत वजन हललं नाही तर घरातल्या हवेला तो सरावला. ओलं लाकूड लोण्यासारखं कापलं जातं, म्हणून मोह होतो; पण जाड धड आणि बारीक पाय वेगवेगळ्या वेगाने वाळतात आणि चीर नेमकी खांद्यातून जाते. ओल्यातच सुरू केलं असेल तर काम थांबवताना तुकडा त्याच्याच ढलप्यांसकट कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बुरशी धरते.

कण्हेरीचं लाकूड विषारी असतं, ते हातात घेऊ नका. जुन्या पेट्यांचं, रंगवलेलं किंवा वाळवी लागू नये म्हणून औषध मारलेलं लाकूडही नको. त्याचा भुसा नाकात जातो.

मागायचं काय? ६० मिमी जाड, ११० मिमी रुंद, ३०० मिमी लांब पट्टी, रेष लांबीच्या दिशेने. त्यातून १२० मिमीचे दोन ठोकळे निघतात आणि उरलेला तुकडा सरावाला. हत्ती ९० मिमी उंच असताना ठोकळा १२० चा का, ते पुढे येईल.

हत्यारं

बारा नगांचा स्वस्त संच घेऊ नका. त्यातली बहुतेक हत्यारं बोथट येतात आणि नऊ तर कधीच लागत नाहीत. एवढं पुरे:

- कोरायचा चाकू, पातं ३५ ते ४५ मिमी, टोकदार
- ६ ते ८ मिमी रुंदीची, मध्यम खोलीची गोल पटाशी, हाताने ढकलायची
- ३ मिमीची व्ही आकाराची पटाशी
- कोपिंग करवत (बारीक पात्याची, वळणं कापणारी) आणि काही जादा पाती
- ड्रिल, ८ मिमी आणि सुळ्यांसाठी ३ मिमी
- एक शिकंजा
- धारेचे दोन दगड (१००० आणि ४००० नंबरचे), चामड्याचा पट्टा आणि हिरवं पॉलिश (क्रोमियम ऑक्साइड)
- डाव्या हाताला, म्हणजे ज्या हाताने लाकूड धरता त्या हाताला, न कापला जाणारा हातमोजा आणि चाकू धरलेल्या हाताच्या अंगठ्याला चामड्याची टोपी

मोजा घसरलेल्या धारेपासून वाचवतो, खुपसलेल्या टोकापासून नाही. त्यामुळे चाकूच्या टोकासमोर हात कधीच नको. मांडीवर ठेवून कोरू नका. बसल्यावर कोपर गुडघ्यांवर टेकवा आणि काम गुडघ्यांच्या पुढे करा. मांडीच्या आतल्या बाजूला मोठी रक्तवाहिनी असते.

धारेबद्दल थोडं जास्त बोलावं लागेल, कारण नवख्यांचे निम्मे प्रश्न तिथेच सुटतात. बोथट चाकूला जोर लागतो, जोर लावला की चाकू सुटतो, आणि सुटलेला चाकू बोटात जातो. नवीन चाकूसुद्धा आधी १००० आणि मग ४००० नंबरच्या दगडावर घासा, पात्याचा उतार दगडावर पूर्ण टेकवून. एका बाजूने घासताना दुसऱ्या बाजूला बारीक कोर दुमडलेली बोटाला जाणवते. ती पात्याच्या पूर्ण लांबीवर आली की बाजू बदला. मग चामड्यावर दोन्ही बाजूंनी वीस-पंचवीस वेळा ओढा, नेहमी धारेच्या उलट दिशेने, नाहीतर चामडं कापलं जाईल. पुढे काम करताना दर अर्ध्या तासाने चामड्यावर दहा-दहा हात. असं केलं तर दगडाची गरज अनेक आठवडे पडत नाही.

परीक्षा: मऊ लाकडाच्या आडछेदावर, म्हणजे जिथे वर्षवलयं दिसतात त्या तोंडावर, एक पातळ ढलपी काढा. कापलेली जागा चकाकली पाहिजे. तिथे पांढुरकी रेघ दिसली तर पात्याला त्या ठिकाणी खाच आहे.

चार काप

उरलेल्या तुकड्यावर तासभर हे चार काप करा आणि मगच ठोकळा घ्या.

ढकल काप: लाकूड धरलेल्या हाताचा अंगठा पात्याच्या पाठीवर टेकवा आणि त्या अंगठ्याने ढकला. चाकूची मूठ धरलेला हात फक्त दिशा देतो. चाकू एका वेळी सेंटिमीटरभरच पुढे जातो, म्हणून सुटत नाही.

ओढ काप: बटाटा सोलताना होते तशी मूठ मिटायची. अंगठा लाकडावर टेकलेला, पण धारेच्या वाटेत नाही, खाली.

अडवा काप: पातं उभं दाबून फक्त एक रेघ. ढलपी इथेच थांबावी म्हणून घातलेला हा बांध. कानाची कड, पायाची नखं, डोळा हे सगळं यावर उभं आहे.

खाच: दोन तिरके काप एकमेकांना तळाशी भेटतात आणि मधली पट्टी निघते. पट्टी निघत नसेल तर उपटू नका. तळाशी काप भेटलेले नाहीत, पुन्हा कापा.

आखणी

हत्तीचं बाजूचं चित्र कागदावर ११० × ९० मिमीच्या चौकटीत काढा. आधी हत्ती कोणता ते ठरवा. आशियाई हत्तीची पाठ वर फुगलेली, डोक्यावर दोन उंचवटे, कान लहान, सोंडेच्या टोकाला एकच बोट. पुढच्या पायाला सहसा पाच नखं, मागच्याला चार. आफ्रिकी हत्तीची पाठ मधे खोलगट, कान खांदा झाकतील एवढे, सोंडेला दोन बोटं. दोन्हींची सरमिसळ ही सजावटीच्या हत्तींमधली नेहमीची चूक आहे, आणि ज्याला हत्ती माहीत आहेत त्याला ती पहिल्या नजरेत खुपते. इथे आशियाई धरू: पाठीची कमान कोरायला सोपी आणि लहान कान अंगाला चिकटलेले राहतात.

मापं साधारण अशी: डोकं आणि सोंड मिळून पुढचे ३० मिमी, पुढचा पाय २२, पोटाखालची खिडकी २८ रुंद आणि ३२ उंच, मागचा पाय २६, उरलेल्या चार मिमीत शेपटी. खऱ्या हत्तीची खांद्यापर्यंतची उंची पुढच्या पावलाच्या घेराच्या जवळपास दुप्पट असते. त्या हिशेबाने आपल्या हत्तीचं पाऊल जेमतेम १४ मिमी व्यासाचं हवं. लाकडात ते काटकुळं दिसतं, २० च्या आसपास ठेवलेलं बरं. जाड पायांचा हत्ती कुणालाही चालतो, मोडलेल्या पायाचा नाही.

सोंड सरळ खाली, टोकाशी किंचित आत वळलेली. वर उचललेली सोंड चित्रात छान दिसते, पण तिचा वळणाचा भाग रेषेला आडवा जातो आणि पहिल्या पडण्यात तुटतो.

चित्र ठोकळ्याच्या रुंद बाजूवर चिकटवा, पावलं खालच्या ३० मिमीच्या पट्ट्याच्या वर येतील असं. हा खालचा पट्टा शेवटपर्यंत कापायचा नाही. तो शिकंज्यात धरायला लागतो, हाताला मूठ मिळते आणि चारही पाय व सोंडेचं टोक त्याला जोडलेले राहिल्यामुळे कोरताना मोडत नाहीत. ठोकळा १२० चा तो यासाठी.

आता समोरून, मागून आणि वरून मधोमध एक रेघ आखा. ही मध्यरेघ कापली जाईल तेव्हा तेव्हा पुन्हा आखायची. ती हरवली की डोकं एका बाजूला सरकतं, आणि ते लक्षात येतं तेव्हा दुरुस्त करायला लाकूड उरलेलं नसतं.

ढोबळ आकार

करवतीने बाहेरची रेघ कापा, आखणीच्या २ मिमी बाहेरून. पोटाखालच्या खिडकीसाठी वरच्या दोन कोपऱ्यांत ८ मिमीची भोकं पाडा, पातं त्यातून ओवून चौकोन काढा. ड्रिल पलीकडे फुटताना लाकूड उचकटतं, म्हणून मागे टाकाऊ फळीचा तुकडा दाबून धरा. सोंड आणि पुढचा पाय यांच्यामध्ये आरपार कापू नका. दोन्ही बाजूंनी खाच घ्या आणि मधे ६ मिमीचा पडदा ठेवा.

मग समोरून बघा. कानांची रुंदी पूर्ण ६० मिमी, धड ५० च्या आसपास, सोंड मुळाशी १५ आणि टोकाशी ९ ते १०. कानांच्या मागे, जिथे मान येते तिथे, दोन्ही बाजूंनी ५-५ मिमी उतरवा. धडाचे चार कोपरे कापून अष्टकोन करा, मग त्याचे कोपरे कापून गोल. थेट गोल करायला गेलात तर एक कूस दुसरीपेक्षा फुगीर होते.

इथे रेषेचा दुसरा नियम लागतो, आणि तो कळला की कोरणं अचानक सोपं होतं. पेन्सिलीला टोक काढताना आपण जाड भागाकडून टोकाकडे कापतो. उलट कापलं तर चाकू लाकडात घुसतो. कारण फाट नेहमी रेषेच्या दिशेने पुढे धावते. ती हवेत निघून जाईल अशा दिशेने कापायचं, लाकडात शिरेल अशा दिशेने नाही. आपल्या हत्तीत रेष उभी आहे. म्हणून पाठ गोल करताना कुशीकडून वर कण्याकडे कापा. पोटाखालची कमान मात्र वरून खाली पायाकडे. घोट्याच्या खोलगट जागी दोन्ही टोकांकडून मध्याकडे, वरून खाली आणि पावलाकडून वर, दोन्ही काप सगळ्यात खोल बिंदूवर भेटतील असे. चाकू अडकला, करकरला किंवा पृष्ठभाग खरखरीत निघाला तर जोर वाढवू नका, ठोकळा फिरवून उलट दिशेने कापून बघा.

पाठीचा माथा म्हणजे आडछेद. तिथे चाकू जड जातो. आडछेदाला स्पिरिट आणि पाणी निम्मे-निम्मे घेऊन ओल्या कापडाने पुसा, दोन मिनिटांनी कापा. तंतू नरम पडतात. पातं सरळ ढकलण्याऐवजी सुरीने पाव कापतात तसं सरकवत न्या.

पुढचे दोन किंवा मागचे दोन पाय एकमेकांपासून पूर्ण वेगळे करण्याच्या मागे पहिल्या हत्तीत लागू नका. मागून आणि खिडकीतून ८ मिमी खोल खाच पुरते. सावली पडली की डोळ्याला चार पाय दिसतात.

कान, सोंड, चेहरा

कानाची कड पेन्सिलीने काढा. त्या रेघेवर २ मिमी खोल अडवा काप घाला, चाकूचं टोक किंचित कानाच्या बाहेरच्या बाजूला झुकवून, म्हणजे कानाखाली पोकळी न होता आधार राहतो. मग खांद्याकडून कानाकडे पातळ ढलप्या काढत जागा ३ मिमी खाली न्या. प्रत्येक थराआधी अडवा काप पुन्हा खोल करा. कान उडण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं: अडवा काप उथळ आणि ढलपी खोल. कानाचा पृष्ठभाग गोल पटाशीने किंचित खोलगट करा, कड २ मिमीपेक्षा पातळ नको.

सोंडेच्या सुरकुत्या मागचा पडदा शाबूत असतानाच कोरा. त्या रेषेला आडव्या जातात, दाब लागतो, आणि सोंडेला मागून आधार नसेल तर ती कोरतानाच मोडते. व्ही पटाशी कडेपासून मध्याकडे आणि मग दुसऱ्या कडेपासून मध्याकडे. एका दमात आरपार नेली तर पलीकडची कड फुटते. वर सुरकुत्या दाट, टोकाकडे विरळ. आठ-दहा पुरे, पंचवीस घातल्या तर सोंड स्प्रिंगसारखी दिसते.

डोळा समोर नसतो, बाजूला असतो, सोंडेच्या मुळाच्या वर आणि कानाच्या पुढे. नवख्याचा डोळा नेहमी मोठा होतो. या मापाला ४ मिमी लांब, बदामाच्या आकाराचा डोळा बस झाला. दोन्ही डोळे आधी टाचणीने टोचून समोरून तपासा, मग कापा. एक डोळा वर गेला तर चेहरा वेडावाकडा होतो आणि ते नंतर सावरत नाही.

सुळे लाकडाच्या ३ मिमीच्या गोल काडीचे. तोंडाशी ३ मिमीचं भोक ८ मिमी खोल, तिरकं पुढे. पांढरा लाकडी गोंद एक थेंब. जास्त गोंद बाहेर आला तर लगेच ओल्या कापडाने पुसा, कारण गोंद मुरलेल्या जागी नंतर तेल शिरत नाही आणि फिकट डाग उरतो. शेपटी मागच्या पायाला चिकटलेली उठावाची पट्टीच ठेवा.

आता सोंडेमागचा पडदा हवा तेवढा पातळ करा. पूर्ण काढलाच पाहिजे असं नाही. मग खालचा ३० मिमीचा पट्टा करवतीने कापा. हत्ती डुगडुगेल, हमखास. काचेच्या तुकड्यावर १२० चा सँडपेपर खरखरीत बाजू वर करून चिकटवा आणि त्यावर हत्ती गोल-गोल फिरवा. फक्त लांब पाय घासायच्या भानगडीत पडलात तर पाय आखूड होत जातात आणि डुगडुग तशीच राहते.

पहिल्या खेपेला या सगळ्याला आठ ते दहा तास लागतात, चार-पाच बैठकांत. हात दमले की थांबा; बोटं कापली जातात ती शेवटच्या अर्ध्या तासात.

घासायचं की नाही

दोन्ही रीती बरोबर आहेत, अर्धवट मात्र चूक. चाकूचे पैलू ठेवायचे असतील तर शेवटची फेरी नुकत्याच धार केलेल्या चाकूने पातळ ढलप्यांची करा आणि सँडपेपरला हात लावू नका. बाजूने उजेड पडला की प्रत्येक पैलू वेगळा चमकतो. या लेखाचा कल इकडेच आहे. गुळगुळीत हवा असेल तर १२०, १८०, २४०, ३२० असा क्रम, एकही पायरी न गाळता, रेषेच्या दिशेने. १२० चे ओरखडे ३२० ने जात नाहीत, ते तेल लावल्यावर उठून दिसतात. २४० नंतर ओल्या कापडाने पुसा, वाळू द्या. उभे राहिलेले तंतू ३२० ने काढा. पाठीचा आडछेद ४०० पर्यंत न्या.

घासल्यानंतर पुन्हा चाकू लावू नका. सँडपेपरचे कण लाकडात अडकलेले असतात आणि धार मिनिटात जाते. लाकडाचा भुसा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात ठेवला आहे, त्यामुळे घासताना एन-९५ मास्क, आणि झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसणं.

तेल, मेण, लाख

खोबरेल लावू नका. ते कधीच वाळत नाही, चिकट राहतं, धूळ धरतं आणि पुढे खवट वास येतो. वाळणारं तेल हवं: उकळलेलं जवसाचं किंवा टंग तेल (टंग झाडाच्या बियांचं). पातळ थर, पंधरा मिनिटांनी उरलेलं सगळं पुसून टाका, चोवीस तास थांबा, असे तीन थर. पुसलं नाही तर खाचांमध्ये गोंदासारखा थर साठतो. आडछेद जास्त तेल पितो आणि गडद होतो. पाठीचा माथा काळसर नको असेल तर तिथे तेलाआधी पातळ लाखेचा एक हात द्या.

जवसाच्या तेलाची चिंधी चुरगळून टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळा केलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. ती उघड्यावर सपाट पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. हा इशारा डब्यावरच्या बारीक अक्षरांत असतो आणि कुणी वाचत नाही.

लाखेसाठी १०० मिली स्पिरिटमध्ये १२ ग्रॅम चपडा (लाखेचे पातळ पापुद्रे) रात्रभर भिजवा, गाळा, ब्रशने दोन-तीन पातळ हात. सहा महिन्यांपेक्षा जुनं द्रावण नीट कडक होत नाही, तेव्हा थोडंच बनवा. वर मधमाश्यांच्या मेणाचा हात दिला तर स्पर्श छान येतो: एक भाग मेण, तीन भाग जवसाचं तेल, गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवून. मेण थेट आचेवर ठेवू नका.

काय बिघडतं आणि काय करायचं

कान किंवा सुळा उडाला: तुकडा आधी शोधा, बाकी सगळं नंतर. ताजी फाट अचूक बसते. पांढरा गोंद, चिकटपट्टीने आवळून रात्रभर. तुकडा हरवला तर दोन्ही कान थोडे लहान करा.

दाबून खड्डा पडला: ओलं कापड ठेवून गरम इस्त्रीचं टोक काही सेकंद लावा, तंतू फुगून वर येतात. कापलेल्या जागेला हा उपाय नाही.

बारीक चीर दिसली: महिनाभर भरू नका. लाकूड अजून हलत असेल तर भरलेलं बाहेर फेकलं जाईल.

पायाशी पिठासारखी पूड आणि टाचणीएवढी भोकं: लाकूडकिडा. तो खोडाच्या बाहेरच्या फिकट लाकडातला पिठूळ अंश खातो, गडद नारेला, म्हणजे खोडाच्या मधल्या लाकडाला, सहसा लागत नाही. हत्ती पिशवीत बंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा आणि बाहेर काढल्यावर पिशवी बंद ठेवूनच खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर त्यावर पाणी जमतं.

घरात आणि भेट म्हणून

हत्ती खिडकीसमोर नव्हे, खिडकीच्या बाजूच्या भिंतीपाशी ठेवा. थेट ऊन रंग उडवतं आणि एका बाजूने लाकूड वाळवतं. तिरका उजेड कोरीव काम दाखवतो. एसीचा झोत, टीव्हीचा माथा, बाथरूमची फळी, तिन्ही नकोत. धूळ कोरड्या रंगाच्या ब्रशने काढा. वर्षातून एकदा मेणाचा हात. पायांखाली फेल्टचे ठिपके लावले तर टेबलावर ओरखडे पडत नाहीत.

भेट लहान मुलाला जाणार असेल तर सुळे बसवूच नका. ३१.७ मिमी व्यासाच्या नळीत मावणारा कुठलाही सुटा भाग तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतो, अशी खेळण्यांच्या तपासणीची कसोटी आहे. फिनिश चपड्याचं ठेवा. बाजारातल्या उकळलेल्या जवसाच्या तेलात लवकर वाळावं म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात, ते मुलाच्या तोंडात जाणाऱ्या वस्तूला नको.

तेलाचा शेवटचा हात दिल्यावर किमान दोन आठवडे हत्ती उघडा राहू द्या. लगेच प्लॅस्टिकमध्ये गुंडाळला तर प्लॅस्टिकचा छाप उमटतो आणि वास कोंडतो. बांधताना आधी पायांमधली आणि सोंडेमागची जागा मऊ कागदाने भरा, मग सगळा हत्ती गुंडाळा, मग खोक्याच्या प्रत्येक बाजूला ५ सेंमी भराव. फक्त बाहेरून गुंडाळलेला हत्ती खोकं आपटलं की नेमका सोंडेतच तुटतो. सोबत एक चिठ्ठी: लाकूड कोणतं, फिनिश कोणतं, कशाने पुसायचं. घेणाऱ्याला हे कधीच माहीत नसतं आणि तो ओल्या फडक्याने पुसायला लागतो.

परदेशी पाठवताना सालीचा तुकडाही लाकडावर ठेवू नका. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये लाकडी वस्तू कीड आणि सालीसाठी तपासतात. शिसवाचा सगळा वंश २०१७ पासून साइट्स कराराच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) यादीत आहे. तयार वस्तूंना एका पाठवणीत १० किलोपर्यंत सूट मिळते, पण देशांचे स्वतःचे नियम याहून कडक असू शकतात. रक्तचंदनाच्या वाट्याला न गेलेलं बरं.

आणि कोरण्याऐवजी विकत घेऊन द्यायचा असेल, तर हत्ती उलटा करा. कुशीवरच्या रेषा पोटाकडे तर्काने पुढे गेल्या पाहिजेत. उभ्या रेषेच्या हत्तीच्या पावलांच्या तळाशी वलयांचे तुकडे दिसलेच पाहिजेत. तळाशीही कुशीसारख्याच लांब रेघा असतील तर त्या रंगवलेल्या आहेत किंवा लाकूड पावडरीचं आहे. अंगावर एकसारख्या अंतराच्या समांतर बारीक नाळ्या म्हणजे यंत्राचं कोरीव काम. आणि शेजारचा दुसरा हत्ती उचलून दोघांचे डावे कान बघा. हाताने कोरलेले दोन कान सारखे निघत नाहीत.